जुना चांदीचा कप मोडीत घालताय? आधी त्याचा तळ बघा

चांदीचा भाव चढला की घराघरांतल्या पेट्या उघडतात. आजीचे वाळे, तुटका पैंजण, चेपलेली निरांजनं, सगळं एका फडक्यात बांधून सराफाकडे जातं. भातकुलीसारख्या गावाला तर अमरावतीचा सराफा जवळच आहे, त्यामुळे हे एका सकाळचं काम. वजन होतं, टंच काढला जातो, घट वजा होते आणि पैसे हातात पडतात. संध्याकाळपर्यंत ती चांदी मुशीत वितळलेली असते.

या फडक्यात क्वचित एखादी वेगळी वस्तू असते. जाडसर, एका बाजूला कान असलेला कप. आपल्या फुलपात्रासारखा नाही, पेल्यासारखाही नाही. बाहेर इंग्रजी अक्षरं कोरलेली, आणि तळाशी उलटं केलं तर चार-पाच बारीक शिक्के. एक चालता सिंह, एक नांगर नाहीतर बिबट्याचं तोंड, एक सुटं अक्षर. सराफाच्या तराजूला या शिक्क्यांशी काही देणंघेणं नसतं. पण जगभरात जुने इंग्रजी चांदीचे कप जमवणारे लोक आहेत आणि ते सगळ्यात आधी कप उलटा करतात.

वऱ्हाडात इंग्रजी कप आला कुठून?

१८५३ च्या तहानं निजामानं वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती दिला. पुढे काही वर्षांतच अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं (१८६१ ते १८६५), तिथला कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांना वऱ्हाडचा कापूस दिसला. भाव असे चढले की शेतकऱ्यांनी बंडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या, अशा गोष्टी त्या काळाबद्दल सांगितल्या जातात. धावा खऱ्या असोत नसोत, चांदी मात्र खरी होती. १८६७ पर्यंत रेल्वे बडनेऱ्यावरून नागपूरला पोहोचली. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावची रेल्वे सुरू करायला स्वतः आले. रॅली ब्रदर्स, फोलकार्ट अशा परदेशी कंपन्यांचे खरेदीदार वऱ्हाडच्या बाजारांत बसू लागले.

कमिशनर, कलेक्टर, रेल्वेचे इंजिनियर, कापसाचे दलाल, मिशनरी, या सगळ्यांच्या सामानात चांदीचे कप असायचे. इंग्रजांच्या घरी मूल जन्मलं की बाप्तिस्म्याला त्याला चांदीचा छोटा मग देत आणि त्यावर नाव नि तारीख कोरत. आपल्याकडे बारशाला चांदीची वाटी-चमचा देतात, तसंच. साहेबाची बदली झाली किंवा तो मायदेशी निघाला की घरातलं जड सामान लिलावात निघे, आणि बोली लावणाऱ्यांत इथले देशमुख, पाटील, वकील, व्यापारीही असत. शिवाय घोड्यांच्या शर्यती, शेतीची प्रदर्शनं, खेळांचे सामने यांत बक्षीस म्हणून कप दिले जात. मुंबईत फुटबॉलचा रोव्हर्स कप १८९१ मध्ये सुरू झाला, तो याच रिवाजातला.

जिंकणाऱ्याला कपच का द्यायचा, हेही बघण्यासारखं आहे. मराठीत आपण ‘विश्वचषक’ सहज म्हणतो, पण संस्कृतातला चषक म्हणजे मद्य प्यायचं भांडं. इंग्रजांचंही तसंच. दोन कानांचा मोठा कप मेजवानीत एकाकडून दुसऱ्याकडे फिरवायचा आणि सगळ्यांनी त्यातूनच प्यायचं. म्हणून त्याला दोन कान, देणाऱ्यानं एक धरायचा नि घेणाऱ्यानं दुसरा. त्याचं नाव ‘लव्हिंग कप’. पिणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात, तेव्हा शेजाऱ्यानं त्याच्या पाठीला पाठ लावून उभं राहायचं, अशी लंडनच्या जुन्या व्यापारी संघांची रीत आहे. दहाव्या शतकात एडवर्ड नावाच्या राजाला पिताना भोसकलं, तेव्हापासून ही राखण आली असं सांगतात. उष्टं लागू नये म्हणून फुलपात्र ओठांपासून चार बोटं वर धरून पिणाऱ्या आपल्या घरांत हा कप आला, तेव्हा तो कपाटात शोभेलाच राहिला असणार. बक्षिसाच्या कपाला आजही दोन कान असतात ते या फिरत्या कपामुळे.

कपांचे प्रकार

झाकणाचा मोठा मग म्हणजे टँकार्ड, बियर पिण्याचा. काही टँकार्डांच्या आत वरून खाली खुंट्यांची ओळ असते. एकाच भांड्यातून पिणाऱ्यांनी आपापल्या खुंटीपर्यंतच प्यायचं, म्हणजे वाटणीवरून भांडण नको. बिनझाकणाचा एक कानाचा तो मग. बिनकानाचा सरळ उभा तो बीकर, आपल्या पेल्याचा चुलतभाऊ. उंच पायाचा तो गॉब्लेट. घोड्यावर बसल्या बसल्या घोटभर पिऊन निघायचं, त्यासाठी कोल्ह्याच्या तोंडाच्या आकाराचा स्टिरप कप, जो खाली ठेवताच येत नाही.

सगळ्यात गमतीचा टंबलर कप. आज आपण साध्या काचेच्या ग्लासला टंबलर म्हणतो, पण जुना चांदीचा टंबलर बुडाला गोल असायचा. बुड मुद्दाम जाड ठेवलेलं. कलंडवला तर डोलत डोलत परत सरळ उभा राहतो. असा कप हातात आला तर आधी टेबलावर कलंडवून बघावा.

तळावरचे शिक्के कसे वाचायचे?

हा खरा गाभा आहे, म्हणून जरा सावकाश.

चांदी मऊ धातू. भांड्यासाठी तिच्यात तांबं मिसळावंच लागतं. किती मिसळलं हे डोळ्यांना दिसत नाही आणि तिथेच फसवणूक होते. इंग्लंडमध्ये १३०० साली पहिल्या एडवर्ड राजानं कायदा केला की चांदीचं भांडं तपासून शिक्का मारल्याशिवाय विकायचं नाही. शुद्धता हजारात ९२५ भाग, हीच ‘स्टर्लिंग’ चांदी. पुढे लंडनच्या सोनारांना भांडी तपासायला आपल्या संघाच्या वास्तूत, म्हणजे गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये आणावी लागू लागली. त्या हॉलचा मार्क तो हॉलमार्क. सोन्याच्या दुकानात रोज कानावर पडणारा शब्द तिथून आला आहे. आपल्याकडे चांदीसाठी बीआयएसचा हॉलमार्क २००५ मध्ये आला आणि तोही ऐच्छिक. इंग्लंडमध्ये तोवर सातशे वर्षं उलटली होती.

एका साध्या इंग्रजी कपावर चार शिक्के असतात आणि एका ठरावीक काळात पाचवा.

चालणारा सिंह, उजवा पंजा उचललेला. हा १५४४ पासूनचा. अर्थ एकच: स्टर्लिंग चांदी.

गावाचा शिक्का. बिबट्याचं तोंड म्हणजे लंडन, आणि त्यावर मुकुट असेल तर १८२१ च्या आधीचं. किल्ला म्हणजे एडिनबरा. मुकुट म्हणजे शेफिल्ड. नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, आणि बर्मिंगहॅमला समुद्र नाही! अकोल्याचं चिन्ह गलबत असावं तसा हा प्रकार. १७७३ मध्ये शेफिल्ड आणि बर्मिंगहॅमला एकदमच तपासणी कचेऱ्या मंजूर झाल्या. त्यासाठी खटपट करणारी मंडळी लंडनला ‘क्राउन अँड अँकर’ नावाच्या खानावळीत जमत, म्हणून एकाला मुकुट आणि दुसऱ्याला नांगर मिळाला, अशी आख्यायिका आहे.

कारागिराची आद्याक्षरं. उदाहरणार्थ एच आणि बी ही वळणदार अक्षरं हेस्टर बेटमनची असू शकतात. नवरा वारल्यावर तिनं १७६१ मध्ये स्वतःच्या नावाचा शिक्का नोंदवला आणि मुलांना हाताशी धरून लंडनमधला मोठा कारखाना चालवला. तिच्या भांड्यांना संग्राहकांत आजही वेगळा मान आहे.

राजाचं किंवा राणीचं डोकं. १७८४ ते १८९० या काळात चांदीवर कर होता आणि तो भरल्याची ही पावती. जॉर्ज राजे उजवीकडे बघतात, व्हिक्टोरिया राणी डावीकडे.

आणि वर्षाचं अक्षर. लंडनमध्ये १४७८ पासून दरवर्षी एक अक्षर ठरलेलं. लंडनच्या चक्रात वीस अक्षरं, वीस वर्षं झाली की पुन्हा ए पासून सुरुवात, फक्त अक्षराचं वळण आणि भोवतीची चौकट बदलायची. समजा लंडनच्या कपावर ए अक्षर आहे. ते १७९६, १८१६, १८३६, १८५६, १८७६, १८९६ यांपैकी कुठलंही असेल. आता शेजारी व्हिक्टोरियाचं डोकं आहे का बघा. असेल तर १८९६ गेलं, कारण तोवर कर उठला होता. १८३६ सुद्धा गेलं, तेव्हा चौथा विल्यम गादीवर होता. उरली दोन वर्षं. अक्षर जुन्या गॉथिक वळणाचं छोटं असेल तर १८५६, साधं मोठं असेल तर १८७६. मोबाईलच्या कॅमेऱ्यानं झूम केलं की हा सगळा तपास पाच मिनिटांचा आहे. अक्षरांचे तक्ते चार्ल्स जॅक्सन यांनी १९०५ मध्ये ग्रंथरूपानं छापले, आणि आज ते इंटरनेटवरही सहज सापडतात.

कधी सिंहाऐवजी बसलेली स्त्री दिसेल. ती ब्रिटानिया. सतराव्या शतकाच्या शेवटी लोक चांदीची नाणी कातरून, वितळवून भांडी करू लागले आणि बाजारात नाणी कमी पडली. म्हणून १६९७ मध्ये सरकारनं भांड्यांची शुद्धता वाढवून हजारात ९५८ केली. नाण्याची चांदी थेट भांड्याला चालेनाशी झाली. १७२० मध्ये ही सक्ती उठली.

तळाशी सुईनं ओरखडल्यासारखे आकडे दिसले तर तेही पुसू नका. समजा १२ आणि ५ असे दोन आकडे आहेत. म्हणजे १२ ट्रॉय औंस ५ पेनीवेट. एक औंस ३१.१ ग्रॅमचा आणि वीस पेनीवेटचा एक औंस, म्हणजे साधारण ३८१ ग्रॅम, आपल्या भाषेत बत्तीस तोळ्यांहून थोडं जास्त. आज वजन करून बघा. बरंच कमी भरलं तर मधल्या काळात काहीतरी कापलं, घासलं किंवा बदललं गेलंय.

चांदीसारखं दिसणारं बरंच काही

आता निराशेची बातमी. आपल्याकडे सापडणारे बरेचसे ‘इंग्रजी चांदीचे कप’ चांदीचे नसतात. १८४० मध्ये बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन कंपनीनं विजेच्या मदतीनं चांदीचा मुलामा देण्याचं पेटंट घेतलं आणि तसला माल जगभर गेला. त्यावर ई, पी, एन, एस ही इंग्रजी अक्षरं असतात. आतला धातू तांबं, निकेल आणि जस्त यांचं मिश्रण. त्याला ‘निकेल सिल्व्हर’ म्हणतात, पण त्यात चांदी कणभरही नाही. लबाडी अशी, की ही चार अक्षरं चार छोट्या ढालींत असतात. लांबून अगदी हॉलमार्क वाटावा अशी! सिंह नसेल तर थांबा.

त्याहून जुना प्रकार शेफिल्ड प्लेट, अठराव्या शतकातला. तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा पत्रा तापवून चिकटवायचा आणि मग भांडं घडवायचं. वर्षानुवर्षं घासून त्याच्या कडांतून लालसर तांबं डोकावतं. याला मोडीत फारशी किंमत नाही, पण चांगल्या अवस्थेतल्या जुन्या तुकड्याला संग्राहक मिळतो.

सोशल मीडियावरच्या घरगुती चाचण्यांवर फार विसंबू नये. चुंबक चिकटला नाही तर चांदी, असं सांगणारे व्हिडिओ बरेच आहेत. पितळेला आणि निकेल सिल्व्हरलाही चुंबक चिकटत नाही. बर्फ लवकर वितळला तर चांदी? तांब्यावरही तो तितक्याच घाईनं वितळतो. सराफाकडचं एक्स-रे मशीन बरं, पण तेही वरचा पातळ थरच वाचतं. जाड मुलामा त्याला फसवू शकतो. आणि सराफाला कपाच्या कडेवर कानस मारू देऊ नका. कसोटीचा तो एक घाव संग्राहकाच्या लेखी कायमचा असतो.

फसवेगिरी खऱ्या चांदीतही होते. जुन्या छोट्या चमच्यावरचा शिक्का कापून नव्या कपाच्या तळाला जोडतात. यावर जुन्या जाणत्यांचा उपाय फुकटचा आहे: तळावर तोंडानं वाफ सोडायची. वाफेत डागाचा सांधा क्षणभर रेघेसारखा उमटतो. कोरलेलं घराण्याचं चिन्ह घासून काढलं असेल तर तिथला पत्रा पातळ होतो, तो चिमटीत धरून कळतो. टँकार्डचं झाकण वेगळं निघत असेल तर त्यावरही शिक्का हवा. व्हिक्टोरियाच्या काळात कितीतरी टँकार्डांना चोच बसवून त्यांचे जग बनवले गेले. पुन्हा तपासून शिक्का न मारता असा बदललेला माल चांदी म्हणून विकणं इंग्लंडात बेकायदा आहे.

एक तिसरा गटही आहे आणि तो आपल्या जवळचा. कलकत्त्याची हॅमिल्टन, मद्रासची पी. ऑर अशा कंपन्या इथेच इंग्रजी घाटाचे कप घडवत. भुजच्या उमरसी मावजींच्या कपांवर तर वेलबुट्टीत हरणं, वाघ, पक्षी अशी नक्षी दाटलेली असते. भारतात तेव्हा सरकारी तपासणी कचेरी नव्हती, म्हणून या कपांवर सिंह नसतो, फक्त कारागिराचं किंवा कंपनीचं नाव. सिंह नाही म्हणून असा कप मोडीत घालणं मोठा तोटा ठरेल. भुजच्या चांदीला परदेशातल्या लिलावांतही गिऱ्हाईक आहे.

इतके कमी का उरले?

चांदीचं भांडं म्हणजे प्यायला वापरता येणारा पैसा. अडचण आली की ते आधी वितळतं. १६४० च्या दशकात इंग्लंडमध्ये राजा आणि पार्लमेंट यांच्यात युद्ध पेटलं, तेव्हा दोन्ही बाजूंनी घराघरांतली चांदी सैन्याच्या पगारासाठी वितळवली. त्याआधीचे साधे घरगुती कप म्हणूनच इतके दुर्मिळ. १९८० च्या जानेवारीत अमेरिकेतल्या हंट बंधूंच्या साठेबाजीनं चांदी औंसाला ५० डॉलरच्या आसपास गेली आणि तेव्हाही जुनी इंग्रजी भांडी ढिगानं भट्टीत गेली. कप टिकतो, कारण कुठल्या तरी पिढीत कुणीतरी तो द्यायचा नाही असं ठरवलेलं असतं.

म्हणून प्रत्येक शिक्क्याचा कप लाखमोलाचा आहे असं मात्र समजू नये. ३०० ग्रॅमच्या स्टर्लिंग कपात शुद्ध चांदी २७७.५ ग्रॅम. व्हिक्टोरियाच्या काळातला साधा, पोचे आलेला, कान पुन्हा डागलेला मग या चांदीच्या भावापेक्षा फार वर जात नाही. १७८० चा, मूळ कोरीवकामासकट, स्वच्छ शिक्क्यांचा कप बराच वर जातो. कोरलेलं नाव परक्याचं आहे म्हणून ते घासून काढायचा मोह होतो. नेमकं ते नाव आणि तारीखच कपाला किंमत देतात.

जमवायची आवड लागली तर डोळ्यांसमोर पुण्याचे दिनकर केळकर ठेवावेत. चष्म्याच्या दुकानाचे मालक, ‘अज्ञातवासी’ नावानं कविता करणारे. अडकित्ते, दिवे, कुलपं, भांडी, जे लोक भंगारात काढत होते ते त्यांनी गावोगाव फिरून आणलं, आणि १९७५ मध्ये आख्खा संग्रह राज्य सरकारला दिला. लहान वयात गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावानं उभं राहिलेलं ते संग्रहालय आज सुमारे वीस हजार वस्तूंचं आहे. त्यातली कुठलीही वस्तू तराजूत घातली असती तर फार काही भरली नसती.

खारपाण, चिंच आणि रांगोळी

वऱ्हाडात चांदी सांभाळताना एक स्थानिक अडचण आहे. भातकुली पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात येते. इथल्या विहिरींचं पाणी खारट. चांदीला हवेतल्या गंधकानं काळेपणा येतो, तो वरवरचा असतो. मीठ मात्र चांदीला खातं आणि बारीक खड्डे पाडतं. इंग्रजांच्या चांदीच्या मीठदाणीला आतून सोन्याचा मुलामा असायचा तो यामुळेच. खारपाण्यानं धुवून कप तसाच निथळत ठेवला तर थेंब सुकतात तिथे डाग उमटतात. गोडं पाणी, दोन थेंब सौम्य साबण, मऊ सुती कापड आणि लगेच कोरडं करणं, एवढं पुरतं.

राख, रांगोळी, टूथपेस्ट यांनी कप लख्ख होतो खरा, पण दरवेळी चांदीचा एक थर निघतो आणि आधी जातात ते शिक्के. दिवाळीच्या दिवाळी रांगोळीनं घासलेल्या कितीतरी कपांवर सिंहाचा नुसता ठिपका उरलेला असतो. अॅल्युमिनियमचा कागद आणि सोड्याचं गरम पाणी, हा व्हायरल उपाय काळेपणा काढतो, पण नक्षीच्या खाचांतली जुनी सावलीही धुऊन नेतो आणि कोरीवकाम सपाट दिसू लागतं. रोजच्या वाटीला ठीक, जुन्या कपाला नको. कप धुतलेल्या मांजरपाटात गुंडाळावा. वर्तमानपत्र, लोकर आणि रबरबँड दूर ठेवावेत, त्यांच्यातल्या गंधकानं चांदी काळवंडते.

कायदा काय म्हणतो?

वाडा पाडताना जमिनीत किंवा भिंतीत पुरलेली चांदी सापडली तर १८७८ चा निखात निधी कायदा लागू होतो. दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला की कलेक्टरला कळवणं बंधनकारक. रक्कम हास्यास्पद वाटते, पण कायदा जिवंत आहे. घरात पिढ्यान् पिढ्या वापरात किंवा पेटीत असलेला कप वेगळा, तो घरच्यांचाच.

१९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू ‘पुरावशेष’ ठरू शकते. ती देशाबाहेर नेणं खासगी माणसाला बंद आहे, आणि तिचा व्यापार करायला परवाना लागतो. त्यामुळे आजोबांचा कप अमेरिकेतल्या नातवाला भेट द्यायचा असेल तर बॅगेत टाकण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून तो पुरावशेष नसल्याचा दाखला घ्यावा लागतो. असा दाखला मागताना तळावरचं वर्षाचं अक्षर पुन्हा कामाला येतं. कप कुठल्या वर्षाचा, हे तिथे सर्वांत आधी विचारलं जाणार.